फडताळाच्या फळ्यांवर काय अंथरावे?
(स्वस्त उपाय आणि एक महत्त्वाची सावधगिरी)



दसरा-दिवाळी जवळ आली की घराची झाडलोट निघते. डबे खाली उतरतात, भांडी चिंच लावून घासली जातात आणि स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर नवा कागद पडतो. हे काम जवळजवळ फुकटात होते. मात्र त्यात एक चूक अशी होते की ती जिवावर बेतू शकते. म्हणून ती आधी सांगतो.

औषधाचे खोके घरात नको

कपाशीच्या फवारणीविषयी बोलायला मी एका वस्तीवर गेलो होतो. चहा होईपर्यंत सहज फडताळाकडे लक्ष गेले. पिठाच्या डब्याखाली छान जाड पुठ्ठा अंथरलेला होता. डबा सरकवून पाहतो तर पुठ्ठ्यावर लाल त्रिकोण! कीटकनाशकाचे खोके उलगडून फळीवर घातले होते. घरातल्या आजी म्हणाल्या, "चांगला जाड हाय साहेब, टाकवंना." त्यांना दोष कसा द्यावा? चांगली वस्तू वाया घालवू नये, हीच आपली शिकवण. पण ही वस्तू स्वयंपाकघरात आणायची नव्हे.

पुष्कळशी फवारणीची औषधे तेलकट असतात. बाटली थोडी जरी झिरपली तरी औषध पुठ्ठ्यात मुरते. वरून पुठ्ठा कोरडा दिसतो, वासही जातो, पण विष आत राहते. साबणाने धुऊनही ते पुरते निघत नाही. त्याच फळीवर आपण वाटी पालथी घालतो, भाकरी ठेवतो, पोरे हात लावून तोच हात तोंडात घालतात.

बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले होते. शेतातले विष आणि घरातले अन्न एकमेकांजवळ आले की काय होते, हे त्यावरून ध्यानात घ्यावे.

औषधाच्या वेष्टनावर चौकोनी खूण असते. तिच्या खालच्या भागाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. हिरवा असला तरी तो कागद घरात नको. औषध चोळलेल्या बियाण्याच्या पिशव्यांनाही हाच नियम.

खताच्या गोणीचे काय? युरिया हे तसे जहाल विष नाही. पण गोणीच्या विणीत खताचे कण राहतात, पावसाळ्यात ते ओल धरतात. धुतलेली गोणी शेतकामाला वापरा, अन्नाजवळ नको.

मग काय वापरावे?

१. जुनी कॅलेंडरे : दुकानदाराकडून मिळणाऱ्या मोठ्या कॅलेंडरची पाठ बहुधा कोरी असते. कागद जाड, गुळगुळीत, ओल्या फडक्याने पुसता येतो. कोरी बाजू वर ठेवा.

२. वर्तमानपत्र : झाकणाच्या डब्यांखाली चालते. पण भाकरी, पापड किंवा पालथी भांडी त्यावर ठेवू नका, शाई अन्नाला लागते. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असा सल्ला अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही २०१६ साली दिला आहे.

३. जुने सुती लुगडे किंवा धोतर : दुहेरी घडी करून कडेने टीप मारा. कपबशा, ताटल्या यांच्याखाली उत्तम. दर पंधरा दिवसांनी धुऊन उन्हात वाळवा. पावसाळ्यात मात्र काढून ठेवा, ओल धरते.

४. मेणकापड : थोडा खर्च येतो, पण बरीच वर्षे टिकते. तेलाच्या बरणीखाली हेच बरे.

५. फरशीचे तुकडे : घरबांधणीतून उरलेली शहाबादी किंवा कडप्प्याची पट्टी फळीवर बसली तर पुन्हा काही अंथरायलाच नको. फळी वजन पेलेल का, ते आधी पाहा.

अंथरण्याची रीत

फळ्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून दिवसभर कडक उन्हात वाळवाव्यात. भेगांत लांबी भरावी, कारण झुरळे तिथेच लपतात. कागद खळीने किंवा भाताने चिकटवू नका. खळ खायला झुरळ आणि कसर दोन्ही येतात. चार कोपऱ्यांना टाचणी पुरे. मागे भिंतीपासून बोटभर जागा मोकळी सोडा, म्हणजे भिंतीतून वाळवी आली तर लगेच दिसेल. पुढची झालर दिसते छान, पण दोन बोटांपेक्षा लांब ठेवू नका, तिच्याआड किडे लपतात. महिन्यातून एकदा कागद उचलून पाहा; ओला, तेलकट झाला असेल तर बदला.

आज घरी गेल्यावर

फडताळातला प्रत्येक कागद उलटून पाहा. औषधाचे खोके किंवा पिशवी सापडली तर हातात पिशवी घालून उचला, फळी साबणाने धुवा, मग हात धुवा. ते चुलीत घालू नका, धूर विषारी असतो. फाडून, वस्तीपासून आणि विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरा. घरात कुणाला मळमळ, दरदरून घाम, तोंडाला लाळ असा त्रास दिसला, तर औषधाचे वेष्टन बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

फळीवरचा कागद फुकटात मिळावा, पण तो विषाचा नसावा, एवढे लक्षात ठेवा.