काळा दगड किती ठेवायचा

सोनं साफ करणाऱ्यांचा मला कधीकधी हेवा वाटतो. गारेच्या शिरेत अडकलेलं नैसर्गिक सोनं मोकळं करायला प्रयोगशाळेत हायड्रोफ्लोरिक अॅसिड वापरतात. गार विरघळते, सोन्याला ढिम्म काही होत नाही. त्याच्या तारा, पानं, काटक्या दगडात जशा वाढल्या तशाच हाती येतात. (हे अॅसिड कातडीतून शिरून थेट हाडापर्यंत पोहोचतं. घरी त्याचं नावही काढू नये.)

बदलापुरातल्या आमच्या हेंद्रेपाड्यात पायासाठी खड्डा खणला की निघतो तो काळा दगड, आणि त्यात सोनं नसतं. बदलापूरच काय, घाटावरचा बराचसा महाराष्ट्र ज्या बेसॉल्टवर उभा आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो निवताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातून स्फटिक वाढले. अशा खडकाला विहिरी खणणारे मांजऱ्या म्हणतात. आतल्या स्फटिकांना खाणीवर सरसकट एकच नाव, गारगोटी. पुस्तकात मात्र तिचेच स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अॅपोफिलाइट असे भाग पडतात. आमच्या स्टेशनावरून कर्जतकडे जाणारी गाडी पुढे ज्या बोरघाटात चढते, तो रेल्वेसाठी फोडताना निघालेले स्फटिक लंडनच्या संग्रहालयापर्यंत गेले. घाटाचा तो मार्ग १८६३ साली सुरू झाला. वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हानसाइट तर जगभरचे संग्राहक ओळखतात. इथे बघायचं असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहे.

सध्या माझ्या गॅलरीतल्या टबात जळगावकडचा एक तुकडा आहे. मुठीएवढा. फिकट नारिंगी स्टिल्बाइटचा थर आणि त्यावर अॅपोफिलाइटचे काचेसारखे चौकोनी, टोकदार स्फटिक. मागे दोन बोटं जाडीचा बेसॉल्ट. एका कोपऱ्यात दुधी कॅल्साइटचा गोळा, त्याने एक स्फटिक जवळजवळ गिळलेला.

आधी नुसतं पाणी. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि लहान मुलांचा मऊ ब्रश. खाचांतली माती सुटायला वेळ लागतो, तो द्यावा. माती गेली की हातोड्याकडे हात जातो, तो आवरायचा. अॅपोफिलाइट एकाच दिशेने, लांबीला आडवं, पत्त्यांच्या कॅटसारखं सुटतं. मागच्या दगडावर बसलेला ठोका पुढच्या टोकापर्यंत पोहोचतो आणि टोक उडतं. म्हणून व्यापारी दगड ठोकत नाहीत, दाबतात. दोन धारदार जबड्यांमध्ये धरून हळूहळू आवळत नेलं की एक ‘कट्’ आवाज होतो आणि नको तेवढा भाग सुटतो.

स्फटिकांच्या मधल्या कण्यांसाठी सुई घेऊ नये. पोलादापुढे स्टिल्बाइट मऊ, लगेच ओरखडा उठतो. बांबूची टूथपिक बरी. ती झिजते, स्फटिक झिजत नाही. डोळ्याला भिंग लावून एकेक कण उचकटत बसायचं. मान अवघडते, पण या कामातला हाच भाग मला सगळ्यांत आवडतो.

खरी पंचाईत कॅल्साइटची. फरशी धुण्याचं अॅसिड त्यावर टाकलं की फसफसतं आणि कॅल्साइट भराभर जातं. पण या अॅसिडला थांबणं माहीत नाही. कॅल्साइट संपलं की ते अॅपोफिलाइटला धरतं आणि काचेसारखी चकाकी खडूसारखी पांढरी करून टाकतं. स्कोलेसाइटचा तर लगदा होतो. सोन्याच्या बाबतीत नको असलेला दगडच तेवढा अॅसिडला बळी पडतो. इथे दोघांनाही झळ लागते, फक्त एकाला आधी. म्हणून मी व्हिनेगरवर भागवतो. तुकडा आधी पाण्यात मुरवायचा, म्हणजे फटी पाण्याने भरतात आणि आम्ल खोल शिरत नाही. मग व्हिनेगरमध्ये बुडवायचा, काढायचा, बघायचा, पुन्हा बुडवायचा. शेवटी खायच्या सोड्याचं पाणी आणि पुष्कळ साधं पाणी. वाळवणं सावलीत, कारण या स्फटिकांच्या घडणीतच पाणी असतं आणि तापवलं तर ते निघून जातं.

बाजारात हल्ली काळा दगड पार काढलेले स्फटिक जास्त खपतात, ‘ऊर्जा देणारे’ म्हणून. मला ते अनाथ वाटतात. कुठल्या खडकात वाढले, कशावर वाढले, काहीच कळत नाही. शिवाय सुटा स्फटिक डिंकाने दुसऱ्याच दगडावर बसवून विकणारेही आहेत. सांध्यावर भिंग धरून चकचकीत रेघ शोधावी.

कॅल्साइटचा गोळा मी अर्धाच काढला आहे. स्फटिकाचं टोक मोकळं झालं, बूड अजून आत आहे. त्यामुळे क्रम उघड दिसतो: आधी स्टिल्बाइट, त्यावर अॅपोफिलाइट, सगळ्यांत शेवटी कॅल्साइट. मागचा बेसॉल्ट मात्र थोडा दाबून कमी करून आणावा लागेल. आत्ता आहे तसा तो कपाटाच्या फळीवर उभा राहत नाही.