डाग जाईपर्यंत थांबायचे कशाला?

विठ्ठलवाडीच्या माझ्या दवाखान्यात भर मे महिन्यात कोणी हात पदराखाली घेऊन बसले की तक्रार मी बहुधा ओळखतो. पांढरे डाग! लोक त्याला ‘कोड’ म्हणतात, तेही आवाज खाली आणून.

वाचकहो, हा कुष्ठरोग नव्हे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते. या डागांवर टाचणी नीट टोचते. शरीराची संरक्षक यंत्रणा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते आणि तेवढी जागा पांढरी पडते. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने हे डाग पसरत नाहीत. दूध आणि मासळी एकत्र खाल्ल्याने तर मुळीच होत नाहीत, सासूबाई काहीही म्हणोत.

एक मात्र तपासा. टिकलीच्या गोंदातील रसायनाने कपाळावर नेमका टिकलीएवढा डाग पडू शकतो, रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही तसेच. अशी टिकली, अशी चप्पल लगेच बंद करावी.

मलमे आहेत, प्रकाशोपचार आहेत, वाढ थांबलेल्या डागांवर त्वचारोपणही होते. पण औषधाला महिनोन्‌महिने लागतात. चेहऱ्याला गुण लवकर येतो. ओठ आणि बोटांची टोके फार चिवट.

म्हणूनच माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेचे बोलणे मला खटकले. “डॉक्टर, डाग गेले की शाळेच्या नाटकात काम करीन.” समजा, बोटांचे गेलेच नाहीत तर? मी त्यांना पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांच्याविषयी सांगितले. त्यांना स्वतःला हे डाग आहेत. ते न लपवता त्यांनी ‘श्वेता असोसिएशन’ हा स्वमदत गट उभा केला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा २००६ चा चित्रपट याच विषयावर आहे. त्याची नायिका डॉक्टर आहे आणि तिच्या चेहऱ्यावर डाग आहेत. १९९६ साली मुंबईत ज्याच्यासाठी झुंबड उडाली, त्या मायकेल जॅक्सनलाही हाच विकार होता. त्याने तो १९९३ मध्ये दूरदर्शन-मुलाखतीत जाहीर सांगितला होता.

बाईंचे प्रकाशोपचार आठवड्यातून दोनदा चालू आहेत. हनुवटीवर रंगाचे बारीक ठिपके दिसू लागलेत, बोटे अजून तशीच. नाटकाच्या तालमी असल्याने त्यांनी संध्याकाळची वेळ बदलून सकाळची मागून घेतली आहे.