गोधड्या किती, ते आधी सांगा

माझ्याकडं घराचा नकाशा काढून घ्यायला माणसं येतात, तेव्हा त्यांच्या हातात जागेचा उतारा असतो आणि मोबाइलमध्ये कुणाच्या तरी बंगल्याचा समोरून काढलेला फोटो. "मॅडम, हॉल मोठा काढा," एवढं सांगून ती गप्प होतात. मी विचारते, घरात गोधड्या किती आहेत? पुरुष एकमेकांकडं बघतात. मागं बसलेली बाई मात्र पुढं सरकते. सासूच्या हातच्या सहा, आईनं दिलेल्या चार, पाव्हण्यांसाठीच्या वेगळ्या. मग पितळेची भांडी निघतात, कुरडया-पापडांचे पत्र्याचे डबे, ज्वारी-बाजरीची पोती, गुळाच्या ढेपा, गौरींचे मुखवटे, त्यांचं मखर, लेकीच्या लग्नासाठी जमवलेलं सामान. यादीचं दुसरं पान सुरू झालं की मग मी पट्टी हातात घेते.

शिरूरमध्ये २२ वर्षं मी हे काम करते आहे. आठवड्यातून एकदा न्हावरे, पारगाव, चौफुला असं करत दौंडला जाते, कारण तिथंही माझी कामं चालू असतात. ऊस आहे, इकडं रांजणगावची आणि तिकडं कुरकुंभची एमआयडीसी आहे, दौंडात रेल्वे आहे; त्यामुळं या पट्ट्यात घरं सतत उभी राहताहेत, आणि पूर्वीपेक्षा मोठी. तरी राहायला जाऊन वर्ष झालं की दिवाणाखाली ट्रंका, बेडरूमच्या कोपऱ्यात पोती, खुर्चीवर कपड्यांचा ढीग. लोक म्हणतात सामान वाढलं. ते अर्धंच खरं आहे. भिंत पातळ झाली, हे माझ्या मते खरं कारण.

माझं आजोळचं घर धाब्याचं होतं. मातीच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या. त्या भिंतींच्या पोटात सगळा संसार मावायचा. दिव्याची देवळी, कुंकवाच्या करंड्याचा कोनाडा, कागदपत्रांचं दार असलेलं फडताळ, आणि माजघराच्या भिंतीत धान्याचं बळद. वरून धान्य ओतायचं, खालच्या भोकाचा बोळा काढला की पायलीत पडायचं. कपड्यांना खुंट्या, गोधड्यांना तुळईला टांगलेली दांडी, मडक्यांची उतरंड. वेगळं कपाट असं त्या घरात एकही नव्हतं.

ही सोय किती जुनी आहे, ते आमच्याच तालुक्यात दिसतं. घोडच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतली १३० हून जास्त घरं तिथं उजेडात आली. त्यातली बरीच चौकोनी घरं साधारण ५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद, म्हणजे आजच्या एका बेडरूमएवढी. एवढ्याशा जागेत धान्याची पेवं खणलेली, कणग्या ठेवायला गोल ओटे केलेले, मोठे रांजण टेकवायला चार-चार चपटे दगड मांडलेले. पाच खोल्यांचं एक मोठं घर सापडलं. ते गावच्या प्रमुखाचं असावं असं अभ्यासकांनी मांडलं, आणि त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार. ओळीनं बांधलेल्या घरांच्या मध्ये सुमारे दीड मीटर मोकळी जागा सोडलेली होती. धान्य कुठं राहील आणि माणूस कुठून जाईल, हे त्या लोकांनी आखून ठेवलेलं होतं. मी त्याबद्दल वाचलं तेव्हा मला आजोळचं माजघरच आठवलं.

आता आरसीसीचे कॉलम आणि मध्ये चार किंवा सहा इंची ब्लॉकची भिंत. तिच्यात कोनाडा काढायचा म्हटला तर पलीकडं भोक पडेल. म्हणून जी खोली पूर्वी भिंत देत होती, ती आता नकाशातून काढून घ्यावी लागते, आणि तीही जोत्याच्या आधी. "आधी घर हू द्या, कपाटाचं मागनं बघू," हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते. मागनं बघितलं की सुतार येतो आणि १० फुटी खोलीतले दोन फूट खातो.

दोन फूटच का? हँगर साधारण १७-१८ इंचांचा असतो. त्यावर शर्टाच्या बाह्या, पुढं दार. आतून २२ इंच तरी खोली लागते, नाहीतर बाह्या दारात अडकतात. घडीचे कपडे, चादरी, डबे यांना मात्र १५ इंच पुरतात. त्याहून खोल फळीवर मागचं सामान विसरलं जातं. गोधडी खोल फळीच मागते. शर्ट-कुर्त्यांना साडेतीन फूट उंची पुरते, म्हणून एका कपाटात एकाखाली एक अशा दोन दांड्या बसतात. ही मापं ठाऊक असली की दाराची जागा आपोआप ठरते. आपल्याकडं गवंडी चौकट कोपऱ्याला चिकटवतो. तीच कोपऱ्यापासून सव्वादोन फूट आत सरकवा. दारामागं कपाटाची अख्खी बाजू तयार होते आणि त्याला एक रुपया जास्त लागत नाही.

आता बोळ. पॅसेज म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. हिशोब त्यांचा चूक नसतो. १५ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद बोळ म्हणजे साडेबावन्न चौरस फूट. बांधकामाचा दर चौरस फुटाला २,००० रुपये धरला तर १ लाख ५ हजार. एवढे पैसे चालण्यासाठी का घालायचे? म्हणून हॉलमध्येच सगळ्या खोल्यांची दारं उघडतात. मग हॉलला चार दारं, आणि सोफा टेकवायला सलग भिंत उरत नाही.

रांजणगावला तीन पाळ्यांत काम करणाऱ्यांच्या घरात हे फार जाणवतं. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठला झोपतो, त्याच वेळी हॉलमध्ये शाळेची गडबड, कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही. त्याची खोली बोळाच्या टोकाला असेल आणि बोळाला हॉलच्या बाजूनं एक दार असेल, तर दोन दारांमागं तो झोपू शकतो. अशा एका घरातली बाई मला म्हणाली, "आता पोरांच्या तोंडावर हात ठेवावा लागत नाही." तो बोळ मला माझ्या सगळ्या कामांत जवळचा वाटतो.

बोळाला दुसरं कामही लावता येतं. चालायला साडेतीन फूट मोकळे ठेवून एका भिंतीला १५ इंच खोल कपाट करायचं, जमिनीपासून सात फुटांपर्यंत, आणि वर माळा. दारं १५-१८ इंच रुंदीचीच ठेवायची. मोठं पल्लं उघडलं की बोळ अडतो. पाहुण्यांच्या चादरी, डबे, औषधं, शाळेची पुस्तकं तिथं जातात आणि बेडरूममधलं कपाट निम्मं रिकामं होतं.

रुंदीत मात्र कंजुषी नको. हे मी स्वतःच्या घरातून शिकले. आमचं घर बांधताना मी हॉल वाढवण्यासाठी बोळ पावणेतीन फुटांचा केला, आणि त्यात काटकोनी वळण. आठ वर्षांनी वडलांना अर्धांगाचा झटका आला. रुग्णवाहिका दारात होती, पण स्ट्रेचर त्या वळणात वळेना. शेवटी चौघांनी त्यांना गोधडीत घालून, चारी टोकं धरून बाहेर नेलं. ते सुतार होते, आयुष्यभर लोकांच्या दारांची मापं घेतलेले. पुढं बरे होऊन घरी आले, तेव्हा चाकाच्या खुर्चीतून त्यांनी त्या वळणाकडं बघितलं आणि काही बोलले नाहीत. ते बघणं अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हापासून मी वळणाचा हिशोब कागदावर मांडते. साडेसहा फूट उंच आणि १९ इंच खोल लोखंडी कपाट आडवं धरलं, तर तीन फुटी बोळाच्या काटकोनात ते वळत नाही. साडेतीन फुटीत जेमतेम वळतं. स्ट्रेचरला साडेतीनही कमी पडतात. म्हणून शक्यतो बोळ सरळ ठेवते, आणि वळण टाळता आलं नाही तर त्याच्या दोन्ही अंगांना चार फूट देते. पाया खणायच्या आधी प्लॉटवर फक्की मारते आणि घरच्या बाईला काखेत भरलेला हंडा घेऊन त्या दोन रेघांतून चालायला लावते, समोरून दुसरं कुणी तरी येतं. कागदावर न कळलेलं तिथं एका फेरीत कळतं.

दोन गोष्टी मात्र हट्टानं सांगते. संडास-बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून कपड्यांचं कपाट करू नका. ओल येते, आणि कालव्याच्या काळ्या रानात ओलीमागून वाळवी. तिथं टाइल लावून कडाप्प्याच्या फळ्या टाका, प्लायवूड नको. कपड्यांचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला चालतं, उलट उन्हाचा ताप ते अडवतं आणि खोली थोडी थंड राहते. दुसरं, फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्या जिन्याखाली, पिठाच्या डब्याशेजारी दिसल्या की माझा जीव वर-खाली होतो. त्यांना घराबाहेर, कुलपाचं, पोरांच्या हाताला न लागणारं वेगळं कपाट नकाशातच हवं.

मागच्या महिन्यात दौंडला एका जवानाच्या घराची आखणी केली. दौंडात राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. रात्री-अपरात्री हुकूम येतो आणि कंपनी बंदोबस्ताला निघते. त्यांची काळी ट्रंक आजवर भाड्याच्या खोलीत पलंगाखाली असायची, ती ओढताना मुलं जागी व्हायची. मी बाहेरच्या दारालगत, बोळाच्या तोंडाशी १८ इंच उंच, तीन फूट लांब ओटा काढला. खाली ट्रंक सरकेल, वर बसून बूट बांधता येतील. वहिनींनी फक्कीच्या रेघा बघितल्या, वाकून वितीनं मोजल्या.

"ताई, हे दुप्पट करा," त्या म्हणाल्या. "लेकीची भरतीची तयारी चाललीये. तिचीबी ट्रंक लागंल."

मी रेघ पुसून ओटा सहा फुटांचा केला.