निसरड्या वाटेवरील मोटार : चाकांची पकड आणि ट्रॅक्शन कंट्रोल

आषाढ लागला की नागभीड तालुक्यातील धानाच्या बांध्यांत चिखलणीस वेग येतो आणि त्याबरोबर रस्त्यांचे रूपही पालटते. रोवणीच्या दिवसांत बांधीतून बाहेर पडणारे ट्रॅक्टर आपल्या चाकांबरोबर चिकणमातीचे लपके डांबरी सडकेवर आणून सोडतात. त्यावर पावसाची हलकीशी सर आली, की ब्रह्मपुरीकडे अथवा तळोधीकडे जाणाऱ्या सडकेची मधली बाजू धुतल्यासारखी स्वच्छ, तर कडेची बाजू साबणासारखी निसरडी होते. कडेस थांबविलेली मोटार अशा वेळी पुन्हा सडकेवर घेऊ गेल्यास एक चाक जागच्या जागी गरगर फिरते व दुसरे हलतही नाही. रात्रीच्या वेळी रुग्णाला दवाखान्यात नेणारी गाडी अशी अडकली, तर प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही.

अलीकडच्या पुष्कळ मोटारींत या अडचणीवर उपाय म्हणून 'ट्रॅक्शन कंट्रोल' नावाची यंत्रणा असते. चालकासमोरील फलकावर घसरत्या मोटारीचे व तिच्यामागे दोन नागमोडी रेषांचे चिन्ह असलेला दिवा व बहुधा त्याच चिन्हाचे एक बटण असते, तेच हिचे. ही यंत्रणा इंजिनाचा जोर 'खाते' असे समजून काही चालक ती नेहमीच बंद ठेवतात. काहींना बटण कशाचे आहे याचीच कल्पना नसते. यास्तव तिचे कार्य थोडे खोलात जाऊन पाहणे उपयुक्त ठरेल.

मोटारीचा प्रत्येक टायर जमिनीला जेथे टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी असते. एवढ्याशा चार जागांवर संपूर्ण गाडीची भिस्त असते. कोरड्या डांबरी सडकेवर टायरला त्यावरील भाराच्या सुमारे ७० ते ८० टक्के इतकी पकड मिळू शकते. ओल्या चिखलावर ती २० ते ३० टक्क्यांपर्यंतही उतरते. चाक गाडीच्या गतीपेक्षा किंचित, म्हणजे साधारणतः १० ते २० टक्के अधिक वेगाने फिरत असते तेव्हा सडकेवरील पकड सर्वाधिक असते. त्यापुढे चाक जितके अधिक गरगरते तितकी पकड घटत जाते, आणि अशा चाकाची आडव्या दिशेची पकडही जवळजवळ नाहीशी होते. आजच्या बहुतेक लहान मोटारींची पुढची चाके इंजिनाने फिरतात. ती गरगरू लागली की स्टिअरिंग वळवूनही गाडी वळत नाही, ती यामुळेच.

नागभीडच्या जुन्या पिढीला चाकांचे हे गरगरणे रेल्वेमुळे परिचित असावे. नागपूर-नागभीड हा नॅरोगेज मार्ग रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाला. ओल्या रुळांवर गाडी ओढताना इंजिनाची चाके घसरू लागली म्हणजे चालक वाळूपेटीतून चाकांपुढे वाळू सोडीत असे, आणि आजच्या मोठ्या इंजिनांतही ही सोय कायम आहे. आगगाडीचा मार्ग ठरलेला असल्याने तिला पकड 'वाढविण्याचा' हा उपाय साधतो. मोटारीला मात्र असलेल्या पकडीतच भागवावे लागते.

आता एक चाक फिरते व दुसरे स्वस्थ राहते, याचे कारण पाहू. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर जखडली असती तर प्रत्येक वळणावर टायर घासत गेले असते. ते टाळण्यासाठी मध्ये डिफरन्शियल हा दातेरी चक्रांचा संच बसविलेला असतो. तो दोन्ही चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देतो, परंतु दोहोंना जोर मात्र सारखाच देतो. मेख नेमकी येथेच आहे. चिखलातील चाकाला फिरण्यास फारसा विरोध होत नाही, म्हणून त्याला अल्प जोरच लागतो. आणि दोन्हीकडे जोर सारखाच असल्यामुळे चांगल्या सडकेवरील चाकाच्या वाट्यालाही तेवढाच अल्प जोर येतो. इंजिन कितीही गर्जले तरी गाडी हलत नाही.

शेतकऱ्यांना यावरचा एक उपाय ठाऊक आहे. ट्रॅक्टरवर चालकाच्या पायाशी डिफरन्शियल लॉकचे पायटे असते. ते दाबले की दोन्ही मागची चाके एकजीव होऊन फिरतात व ट्रॅक्टर बांधीतून बाहेर येतो. मात्र ते दाबलेले असताना ट्रॅक्टर वळवायचा नसतो.

ट्रॅक्शन कंट्रोल हेच काम ब्रेककडून करवून घेते. प्रत्येक चाकाजवळ एक संवेदक असतो. तो चाकाबरोबर फिरणाऱ्या कड्यावरून चाकाची गती सेकंदाला अनेक वेळा मोजतो. एखादे चाक इतरांपेक्षा फाजील वेगाने फिरत आहे असे आढळताच यंत्रणा फक्त त्याच चाकाचा ब्रेक लावते. ब्रेकमुळे त्या चाकाला विरोध निर्माण होतो, तो तोडण्यास अधिक जोर लागतो, आणि डिफरन्शियलच्या समवाटपाच्या नियमाने तेवढाच जोर पलीकडच्या, पकड असलेल्या चाकालाही मिळतो. जो नियम गाडी अडकवितो तोच असा तिला सोडवितो. एवढ्याने भागले नाही, तर यंत्रणा इंजिनाचा जोरही कमी करते. त्यावेळी फलकावरील दिवा लुकलुकतो. तो बिघाड नसून सडक निसरडी असल्याची सूचना होय.

अमेरिकेतील ब्यूक कंपनीने १९७१ मध्येच 'मॅक्सट्रॅक' नावाने इंजिनाचा जोर तोडणारी यंत्रणा आणली होती. परंतु ही कल्पना खऱ्या अर्थाने पसरली ती चाकांची गती मोजणारी एबीएस ही ब्रेकप्रणाली १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोटारींत आल्यानंतर. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. तथापि एबीएस असलेल्या प्रत्येक गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल असतेच असे नाही; गाडीची पुस्तिका पाहून खात्री करावी.

ही यंत्रणा डांबरी सडकेवर, पावसात, घाटात, सदैव चालूच ठेवावी. बंद करण्याचा प्रसंग एकच : गाडी खोल चिखलात, रेतीत किंवा मुरमाच्या सैल भरावात रुतणे. तेथे दोन्ही चाके घसरत असतात. यंत्रणा इंजिनाचा जोर तोडत राहते आणि बाहेर येण्यास लागणारी थोडी गती गाडीला मिळूच देत नाही. अशा वेळी बटण दाबून ती बंद करावी, चाके सरळ ठेवावीत आणि ॲक्सिलरेटर हलकेच दाबून गाडी किंचित पुढे, किंचित मागे अशी झुलवावी. चाकाखाली फांद्या, पोते किंवा गाडीतील पायपोस घातल्यास अधिक बरे, फक्त त्या वेळी चाकासमोर वा चाकामागे कोणी उभे राहू नये. जोराने चाके फिरविल्यास ती खड्डाच खणतात. गाडी बाहेर येताच बटण पुन्हा दाबावे. बहुतेक गाड्यांत इंजिन नव्याने सुरू केल्यावर यंत्रणा आपोआप चालू होते, परंतु त्यावर विसंबू नये.

यंत्रणेचा संबंध केवळ गाडी पुढे नेण्याच्या जोराशी आहे. वळणावर वेग जास्त झाला किंवा टायर झिजून गुळगुळीत झाले, तर ती काही करू शकत नाही. रपट्यावरून पाणी वाहत असताना तर ती सर्वस्वी निरुपयोगी होय. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क अनेक पावसाळ्यांत तुटल्याचे गडचिरोली जिल्ह्याला ठाऊक आहे. लहान नाल्यांचे पाणी त्याहून फसवे असते. मोटारीच्या तळाचे क्षेत्रफळ ४ चौरस मीटर धरले, तर तळ बुडाल्यानंतरचे प्रत्येक १० सेंटिमीटर पाणी गाडीचे सुमारे ४०० किलो वजन उचलून धरते. गाडीचे वजन १,००० किलो असेल, तर पाणी आत शिरण्यापूर्वीच टायरवरचा भार, आणि म्हणून पकड, निम्म्याच्या आसपास येते. त्यात प्रवाहाचा आडवा रेटा वेगळाच.

चिखलातील प्रवासानंतर चाकांची आतली बाजू पाण्याने धुवावी. संवेदकांवर चिखल सुकून बसला की त्यांचे संकेत चुकतात व दिवा न लुकलुकता सतत पेटून राहतो. एका बाजूस नवा व दुसऱ्या बाजूस निराळ्या मापाचा टायर चढविल्यासही चाकांच्या गतीत कायमचा फरक पडून यंत्रणा गोंधळते. चिखल धुऊन आणि टायर तपासूनही दिवा विझत नसेल, तर गाडी कारागिराकडे न्यावी.