गनिमी काव्यातील भूप्रदेशाचा उपयोग

गनिमी काव्यातील भूप्रदेशाचा उपयोग म्हणजे डोंगर, दाट जंगल, खिंडी व घाटवाटा यांच्या आडोशाने सैन्य शत्रूच्या दृष्टीआड ठेवून योग्य क्षणी अनपेक्षित हल्ला करण्याचे तंत्र. सतराव्या शतकात छत्रपती शिवाजी महाराजांनी सह्याद्रीत या तंत्राचा प्रभावी वापर केला.

तत्त्व

सैन्य लपवण्याचा हेतू केवळ बचाव नसतो. दृष्टीआड असलेल्या लहान फौजेचे संख्याबळ व दिशा शत्रूला कळत नाही. अरुंद वाटेत मोठ्या सैन्याची रांग लांबते, घोडदळाला हालचालीस जागा उरत नाही आणि पुढच्या तुकडीस मागून मदत मिळणे कठीण होते.

उंबरखिंडीची लढाई

२ फेब्रुवारी १६६१ रोजी झालेली ही लढाई या तंत्राचे ठळक उदाहरण मानली जाते. शाइस्तेखानाने कोकणात पाठवलेला सरदार कारतलबखान घाट उतरून सध्याच्या रायगड जिल्ह्यातील उंबरखिंडीत शिरला. मराठ्यांनी दोन्ही बाजूंच्या रानात दबा धरला होता. त्यांनी पुढची व मागची वाट रोखल्याने मुघल सैन्य कोंडले गेले. रायबागनच्या सल्ल्यावरून खानाने शरणागती पत्करली. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात या प्रसंगाचे वर्णन आहे.

शिरपामाळ

जव्हारजवळील शिरपामाळ हे ठिकाण सुरतेच्या पहिल्या स्वारीशी जोडलेले आहे. स्थानिक परंपरेनुसार स्वारीस जाताना महाराजांचा येथे मुक्काम झाला. जव्हारचे राजे विक्रमशाह मुकणे यांनी त्यांच्या स्वागतासाठी शिरपेच अर्पण केला व त्यावरून माळाला हे नाव पडले. जानेवारी १६६४ मध्ये मराठी फौज गणदेवीजवळ आल्याची बातमी सुरतेत पोहोचली, तेव्हा शहराच्या संरक्षणाची पुरेशी तयारी नव्हती.

मर्यादा

भूप्रदेश कोणा एका पक्षाचा नसतो. वाटा व पाणवठे जाणणारे स्थानिक लोक सोबत असतील, तरच तो आडोसा देतो. डोंगर-जंगल कायमचे अभेद्यही नसते. जंगलाने वेढलेले जव्हार १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जिंकून घेतले.

युद्धखेळांतील वापर

प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून प्रचलित झालेल्या 'क्रीगस्पील' या नकाशावरील युद्धखेळात हेच तत्त्व आढळते. टेकडीमागची किंवा रानातील तुकडी प्रतिस्पर्ध्याच्या दृष्टिपथात येईपर्यंत पंच ती नकाशावर मांडत नाही. त्यामुळे खेळाडूला अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याचा सराव होतो.