इंधनाचा हिशेब

ताडकळसहून परभणीला निघताना आपण मोटारसायकलची टाकी पाहतो. पेट्रोल कमी असेल, तर आधी भरून घेतो. मोटारींच्या शर्यतीत मात्र हे इतके सोपे नसते. पेट्रोल भरायला थांबलेल्या चालकाला मागे टाकून इतर मोटारी पुढे निघून जातात. न थांबावे, तर वाटेतच पेट्रोल संपण्याची भीती!

अमेरिकेतील 'स्टॉक कार' शर्यतीच्या मोटारीत पेट्रोल दाखवणारा काटा नसतो. उरलेले पेट्रोल किती फेऱ्या पुरेल, याचा हिशेब चालकाचे सहकारी करतात.

डेल अर्नहार्ट ज्युनियर हा प्रेक्षकांचा लाडका चालक. २००८ साली मिशिगन येथे पेट्रोल वाचवून त्याने शर्यत जिंकली. पुढे तीन वर्षे मुख्य मालिकेत त्याला विजय मिळाला नाही. २९ मे २०११ रोजी शार्लट येथे शर्यत ४०० फेऱ्यांची होती. ती ४०२ फेऱ्यांपर्यंत लांबली. शेवटच्या फेरीत अर्नहार्ट सर्वांत पुढे होता. प्रेक्षकांना वाटले, आज हाच जिंकणार! इतक्यात पेट्रोल संपले. केविन हार्विक पुढे गेला आणि जिंकला. अर्नहार्ट सातवा आला.

ती फेरी आठवून त्याचे चाहते आजही हळहळतात. ज्या हिशेबाने एकदा जिंकवले, त्यानेच एकदा हरवले. नुसता वेग पुरत नाही. शेवटपर्यंत इंधनही पुरावे लागते.