पग: चपट्या नाकाचा सोबती

मूळचा चीनच्या राजदरबारातला हा छोटा कुत्रा हॉलंडमार्गे युरोपात पसरला आणि पुढे राणी व्हिक्टोरियाचाही लाडका झाला. आपल्याकडे तो घरोघरी ओळखीचा झाला 2003च्या सुमारास, हच या तेव्हाच्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे. वजन 6 ते 8 किलो, स्वभाव माणसाळू; एकटं राहणं मात्र त्याला सोसत नाही.

त्याचं खरं दुखणं त्या गोंडस चेहऱ्यातच आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून शरीर थंड करतो. पगचा श्वासमार्ग आखूड आणि अरुंद असल्याने हे त्याला नीट जमत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी त्याला बाहेर नेणं जिवावर बेतू शकतं. फिरवायचं ते पहाटेच, आणि गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा बांधून. त्याच्या घोरण्याचं लोकांना कौतुक वाटतं, पण ते अडलेल्या श्वासाचं लक्षण असू शकतं. पशुवैद्याला जरूर दाखवा.

चेहऱ्याच्या घड्या रोज पुसून कोरड्या ठेवाव्यात, पावसाळ्यात तर नक्कीच. डोळे पुढे आलेले असल्याने त्यांना चटकन इजा होते. डोळा लाल दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हा खादाडही आहे. वजन वाढलं की श्वास आणखी अडतो, म्हणून जेवताना ताटाशेजारी बसून त्याने कितीही विनवलं तरी पोळीचा तुकडा टाकू नये.